आपोआप काहीच पडत नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल सांगलीहून कराडमार्गे साताऱ्याला गेली होती. अजिंक्यतारा बघून झाल्यावर मुलं राजवाड्यासमोर भेळ खात उभी होती आणि मी सवयीप्रमाणे इतिहासाचे चार शब्द सांगत होते. "1848 मध्ये इथलं राज्य इंग्रजांनी खालसा केलं," एवढं वाक्य झालं आणि आठवीतल्या एका मुलीने मला थांबवलं.

"मॅडम, खालिस म्हणजे शुद्ध ना? खालिस दूध, खालिस सोनं. मग राज्य खालसा केलं म्हणजे शुद्ध केलं का?"

बाकीची मुलं हसली. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही तासांना हा शब्द इतकी वर्षं वापरत आले, पण दोन्हीकडचे अर्थ शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन शब्दकोश काढून बसले. त्या शोधात इंग्रजीतलं एक फारसं कुणाला माहीत नसलेलं क्रियापद हाती लागलं. हा लेख त्या क्रियापदाबद्दल आहे, आणि ते वापरून आपण सगळे रोज काय लपवतो त्याबद्दल.

आधी खालसा. अरबीतल्या ख-ल-स या मुळात स्वच्छ होणं, मोकळं होणं, सुटणं असे अर्थ आहेत. खालिस त्यातूनच आला. मराठीने या मुळातून बरंच काही घेतलं आहे. निखालस, खलास, खुलासा हे सगळे एकाच घरातले शब्द. मोगलांच्या कारभारात जी जमीन कुणा जहागीरदाराला दिलेली नसे, जिचा वसूल थेट बादशाही खजिन्यात जाई, तिला खालिसा म्हणत. मध्ये कुणाचा हक्क मिसळलेला नाही, म्हणून ती 'शुद्ध'. 1699 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी स्थापन केलेला खालसा पंथही याच अर्थाचा, मध्ये कुणी मध्यस्थ नसलेला. तेव्हा आमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. राज्य 'शुद्ध' केलं म्हणजे त्यातला राजाचा हक्क गाळून टाकला. शुद्ध कुणाच्या दृष्टीने, तर वसूल ज्याच्या खजिन्यात जाणार त्याच्या.

मराठीत निदान 'खालसा केलं' असं आपण म्हणतो. करणारा कोण हे वाक्यातच विचारता येतं. इंग्रजांनी स्वतः वापरलेला शब्द होता लॅप्स. हा शब्द आपल्याला विम्याच्या एजंटमुळे घरोघरी माहीत आहे. हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते. मूळ लॅटिन क्रियापद लाबी, म्हणजे घसरणं, निसटणं. कोलॅप्स आणि रिलॅप्स त्याच कुळातले. म्हणजे इंग्रजांच्या कागदोपत्री साताऱ्याचं राज्य कुणी घेतलं नाही, ते घसरलं. घसरून कुठे पडलं, तर नेमकं कंपनी सरकारच्या ओट्यात.

या लॅप्सचा कायद्यातला सख्खा भाऊ म्हणजे इस्चीट. भल्याभल्यांनी हा शब्द ऐकलेला नसतो, पण भारताच्या राज्यघटनेच्या 296 व्या अनुच्छेदात तो लॅप्सच्या शेजारी बसलेला आहे. अर्थ असा, की मालक वारस न ठेवता मेला तर त्याची मालमत्ता सरकारजमा होणं. क्रियापद म्हणूनही तो चालतो. लॅटिनमध्ये एक्स म्हणजे बाहेर आणि कादेरे म्हणजे पडणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'वाट्याला पडणं' या अर्थाचं क्रियापद झालं आणि नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडच्या कायद्यात शिरलं. कादेरेचा गोतावळा मोठा आहे. ॲक्सिडेंट, चान्स, आणि कोर्टातली केससुद्धा त्यातलीच. सगळ्यांत पडणं आहे आणि कुणी पाडल्याचा मागमूस नाही.

खरी गंमत पुढे आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाचे अधिकारी असत, त्यांना इस्चीटर म्हणत. जमीनदार मेला की वारस आहे की नाही याची चौकशी ते करत आणि नसेल तर जमीन राजाच्या ताब्यात घेत. हे अधिकारी इतके बदनाम झाले, की त्यांच्या नावातली सुरुवातीची अक्षरं गळून इंग्रजीत एक नवा शब्द रूढ झाला: चीट. परीक्षेत आपण ज्याला चीटिंग म्हणतो, ते चीट. कायद्याने शब्द बनवला तेव्हा अर्थ होता 'वाट्याला पडलं'. ज्यांची जमीन गेली त्यांनी तोच शब्द तोंडात घोळवून अर्थ केला 'फसवलं'. एका शब्दाच्या पोटात दोन्ही बाजूंची साक्ष अशी क्वचितच सापडते.

आता साताऱ्याकडे येऊ. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि 25 सप्टेंबर 1819 ला तह केला. राज्य त्यांच्याकडे आणि त्यांच्या वारसांकडे, उत्तराधिकाऱ्यांकडे कायम राहील असं त्या तहात होतं. 1839 मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना गादी दिली. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. प्रतापसिंह 1847 मध्ये काशीतच वारले. 5 एप्रिल 1848 ला आप्पासाहेबही वारले. मरणापूर्वी त्यांनी एका मुलाला दत्तक घेतलं होतं.

म्हणजे वारस होता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पुत्रच. डलहौसीलाही हे नाकारता येत नव्हतं. त्यामुळे त्याने भेद केला, की दत्तक मुलगा राजाच्या खासगी मालमत्तेचा आणि धर्मकृत्यांचा वारस होईल, राज्याचा नाही. राज्यासाठी सार्वभौम सत्तेची संमती हवी. सार्वभौम सत्ता कोण? आम्हीच. संमती का नाही? आम्हाला राज्य हवं आहे. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर जॉर्ज क्लार्क यांचा या गोष्टीला विरोध होता. पण ऑगस्ट 1848 मध्ये डलहौसीने आपलं मत लिहून काढलं आणि 1849 च्या सुरुवातीला लंडनच्या संचालकांनी त्यावर शिक्का उठवला. पुढे नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेली. रंगो बापूजी हात हलवत परतले. 1857 च्या उठावात साताऱ्यात ज्यांना देहदंड झाला त्यांत त्यांचा मुलगा होता, आणि ते स्वतः असे नाहीसे झाले की पुन्हा सापडले नाहीत. राज्य नुसतं 'घसरलं' असतं तर एवढी माणसं कशाला मेली असती?

आमच्या सांगली जिल्ह्यातलं तासगाव बघा. परशुरामभाऊ पटवर्धनांचं तासगाव. तिथली जहागीर साताऱ्याच्याच वर्षी, 1848 मध्ये, वारस नाही म्हणून गेली. आणि तिथून जवळच्या सांगलीत काय झालं? 1901 मध्ये धुंडीराज तात्यासाहेब पटवर्धन पुत्र नसताना वारले. 1903 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब दत्तक म्हणून गादीवर आले आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राहिले. कुणाचंही काही घसरलं नाही. मधल्या काळात धर्मशास्त्र बदललं होतं का? अजिबात नाही. 1857 झालं होतं, 1858 चा राणीचा जाहीरनामा निघाला होता आणि 1862 मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या होत्या. सरकारला आता संस्थानिक मित्र म्हणून हवे होते. गरज बदलली, आणि ज्या दत्तकाला 1848 मध्ये वारस म्हणून जागा नव्हती त्याला 1903 मध्ये ती मिळाली.

माझा मुद्दा एवढाच आहे. 'वारस नाही' हे वाक्य वस्तुस्थितीसारखं दिसतं, पण बहुतेक वेळा तो निकाल असतो. आणि निकाल देणारा कोण, त्यात त्याचा फायदा किती, हे विचारल्याशिवाय तो मान्य करू नये.

बेवारस मालमत्ता सरकारने घेणं हेच मुळात वाईट, असं मी म्हणत नाही. असा नियम सगळीकडे आहे. इस्लामी फिकहमध्येही वारस नसलेल्याची मालमत्ता बैतुलमालमध्ये, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात जाते. पण त्याआधी किती दारं ठोठवायची ते बघा. आधी कुरआनने हिस्से ठरवून दिलेले नातेवाईक, मग असबा, मग लांबचे रक्ताचे नातेवाईक. इतकं सगळं शोधून झाल्यावर खजिना. आपल्याकडे कालिदासाच्या 'शाकुंतल'च्या सहाव्या अंकात असाच प्रसंग आहे. समुद्रावर व्यापार करणारा एक सावकार जहाज बुडून मरतो, मूलबाळ नाही, तेव्हा त्याचं धन राजाचं, असा निरोप अमात्य पाठवतो. दुष्यंत काय करतो? त्याच्या बायकांपैकी कुणी गरोदर आहे का, याची चौकशी करायला सांगतो. एक असते. तो न जन्मलेल्या बाळाला वारस ठरवतो आणि धनावरचा हात काढून घेतो. स्वतःच्या तोट्यासाठी वारस शोधणारा राजा आणि स्वतःच्या फायद्यासाठी समोरचा वारस न दिसणारा गव्हर्नर जनरल, नियम दोघांकडे जवळपास एकच होता.

आजचा कायदाही दुष्यंताच्या बाजूचा आहे. 2017 मध्ये हरिद्वारच्या एका आश्रमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वारस नाही असं जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करायचं, आणि हे ओझं जड आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 29 व्या कलमात तर आणखी एक गोष्ट आहे. सरकार बेवारस मालमत्ता घेतं ते वारसावर ज्या जबाबदाऱ्या आल्या असत्या त्यांच्यासकट. नुसतं घेता येत नाही, देणंही अंगावर घ्यावं लागतं. बँकेत दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण वारस नंतर आला तरी त्याला त्या मागता येतात. 2023 पासून अशा ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलही आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या पासबुकांवरची धूळ झटकून एकदा तिथे जरूर बघा.

इथपर्यंत डलहौसीला नावं ठेवणं सोपं होतं. आता आपल्या घरात येऊ.

सातारा-सांगलीच्या कुठल्याही गावात तलाठ्याकडे जाऊन फेरफार बघा. बाप वारल्यावर वारसनोंद होते, मुलींची नावं लागतात आणि काही दिवसांनी ती जातात. गावात म्हणतात, "बहिणीनं हक्क सोडला." किती सहज. जणू तिच्या हातातून ते निसटलं. तिच्यापुढे हक्कसोडपत्र कुणी ठेवलं, माहेर तुटेल ही भीती कुणी घातली, हे या वाक्यात येतच नाही. हिंदू घरांत हे चालतं आणि आमच्या मुसलमानांच्या घरांतही चालतं. आमच्याकडे तर मुलीचा हिस्सा कुरआनातच आहे, त्यावर तकरीर ऐकताना मान डोलावणारे भाऊ तहसीलच्या आवारात मात्र बहिणीचा अंगठा घ्यायला स्टॅम्पपेपर तयार ठेवून उभे असतात. शरियतचा कळवळा उसाच्या बांधापाशी का थांबतो, हा प्रश्न आपण आपल्याला विचारलाच पाहिजे. भावाने वारस नामंजूर करायचा, आणि वर म्हणायचं की तिने हक्क सोडला. साताऱ्यात इंग्रजांनी याहून वेगळं काय केलं होतं?

आणि आता माझं स्वतःचं. सरकारी मराठीत लॅप्ससाठी 'व्यपगत' असा भारदस्त शब्द आहे. निधी व्यपगत होतो, पद व्यपगत होतं. शिक्षकांच्या बोलण्यात तुकडी 'तुटते', पट 'कमी होतो', शाळा 'बंद पडते'. उर्दू शाळांबद्दल ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. उर्दूला विद्यार्थीच नाहीत, म्हणजे पुन्हा 'वारस नाही'. शिक्षकाची जागा रिकामी राहिली म्हणून पालकांनी मुलं काढली, की मुलं गेली म्हणून जागा भरली नाही, हे त्या वाक्यात कळत नाही. आणि आम्ही उर्दूवाले काय करतो? उर्दूच्या नावाने सभा घेतो आणि स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालतो. माझीही दोन्ही तिथेच आहेत. तेव्हा सगळा दोष सरकारवर टाकून मला मोकळं होता येणार नाही.

शाळेतून मूल गेलं की त्याला आम्ही 'गळती' म्हणतो. पिकलं पान गळावं तसं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी आठवीनंतर आली नाही. हुशार होती, मराठीतही आणि उर्दूतही. नववीची उर्दू शाळा तालुक्याला, जायला सकाळची एकच एसटी, यायला वेळेवर काही नाही. वडिलांनी नको म्हटलं. मी एकदा घरी गेले, चहा घेतला, समजावलं आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले नाही. वर्षाअखेरीस माहितीचा तक्ता भरताना तिच्या नावापुढे मी लिहिलं 'गळती' आणि कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक'. दोन शब्दांत एसटी सुटली, वडील सुटले, शाळा सुटली आणि मीही सुटले. ती गळाली नव्हती. तिला आम्ही सगळ्यांनी मिळून सोडलं होतं. सहलीत खालसाबद्दल विचारणाऱ्या मुलीचा चेहरा बघताना मला तीच आठवत होती, कारण हीसुद्धा आठवीत आहे.

कुणी म्हणेल, शब्दांचा कीस काढून काय होणार? काही गोष्टी खरंच आपोआप पडतात. म्हातारं झाड पडतं, जुनी भिंत पडते. मान्य आहे. पण झाड पडल्यावर कुणी त्याची लाकडं ताब्यात घेऊन वर 'ते माझ्याच अंगणात पडायचं होतं' असं सांगत नाही. पडलेल्या वस्तूचा कुणाला फायदा होत असेल, तर ती पडली की पाडली हे विचारणं म्हणजे शब्दच्छल नव्हे. इंग्लंडच्या लोकांनी तेच विचारलं, म्हणून इस्चीटचं चीट झालं. आपल्याकडे मराठीने ते आधीच केलं आहे. आपण लॅप्सचं भाषांतर 'घसरणं' असं केलं नाही, संस्थानं 'खालसा केली' आणि दत्तक वारस 'नामंजूर' केला असंच लिहिलं. इंग्रजांच्या बाबतीत जी स्पष्ट भाषा वापरायला आपण कचरलो नाही, ती तलाठी कार्यालयात, शाळेच्या तक्त्यात आणि घरच्या ओसरीवर वापरायला का कचरतो?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उत्तर दिलं. फळ्यावर खालिस, खालसा, निखालस, खलास आणि खुलासा असे पाच शब्द लिहिले आणि ते एकाच मुळाचे कसे ते सांगितलं. म्हटलं, "दुसऱ्याचा हक्क गाळला की घेणाऱ्याला आपली मालकी शुद्ध वाटते, म्हणून खालसा." तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग खुलासा कशाला लिहिलात, मॅडम?"

मी म्हटलं, "कुणी खालसा केलं म्हणालं की त्याच्याकडे मागायचा असतो, म्हणून."

यंदा माहितीचा तक्ता येईल तेव्हा कारणाच्या रकान्यात मी पूर्ण वाक्य लिहिणार आहे, करणाऱ्याच्या नावासकट. आणि या मुलीच्या घरी एकदाच जाऊन थांबणार नाही. तालुक्याच्या सकाळच्या एसटीबरोबर संध्याकाळची एक फेरी वाढवण्यासाठी आगाराकडे द्यायचा अर्ज कालच लिहून ठेवला आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांत तिचे वडील पहिले आहेत.